वरणाचं पाणी

ईशान, तारा,

गेल्या रविवारी फोनवर ताराने मला विचारलं, "आजी, गार सूपपेक्षा गरम सूपमध्ये जास्त एनर्जी असते का?" तिकडे बर्फ पडला होता आणि तिला शाळेत काहीतरी लिहून न्यायचं होतं. मी म्हणाले, "असते, पण अगदी थोडी." ईशान मागून ओरडला, "थोडी म्हणजे किती?" तेवढ्यात तुमच्या आईने फोन घेतला आणि माझ्या औषधांचं विचारलं, म्हणून उत्तर राहून गेलं. मी आयुष्यभर इंग्रजीतून पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे उत्तर मला तोंडपाठ आहे. वाटीभर सूप नुसतं गरम आहे म्हणून त्यातून शरीराला जे मिळतं, ते चमचाभर साखरेतून मिळतं त्याहूनही कमी असतं. बाकी सगळी ताकद त्यात काय शिजलं आहे, त्यावर असते. एवढं ताराने लिहून द्यावं. पण हाच प्रश्न एका उन्हाळ्यात आमच्या घरात उभा राहिला होता. तेव्हा एका लेकराचा जीव त्यावर टांगलेला होता, आणि त्या प्रश्नापायी माझे बाबा आणि माझी बहीण एकमेकांना दुरावले ते दुरावलेच. बाबांना तुम्ही पाहिलं नाही. कुंदाआजीला तुम्ही ओळखता, पण ती हे कधी सांगणार नाही. म्हणून मी सांगते, आणि मराठीतच सांगते, कारण घोटाळ्याला एका मराठी शब्दाचा हातभार लागला होता. अडलं तर आई वाचून दाखवील.

आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी आणि शेजाऱ्यांशी सामाईक भिंत. बाबा वीज केंद्रात बॉयलरवर होते. पाळीचा भोंगा झाला की गल्लीत सायकलींच्या घंट्या वाजायच्या, आणि तिकडे रेल्वेच्या वाघिणी रिकाम्या होताना कोळशाचा गडगडाट इतका व्हायचा की आमच्या मांडणीवरची स्टीलची ताटं हलकेच किणकिणायची. आई वाळत घातलेला प्रत्येक कपडा दोनदा झटकल्याशिवाय आत आणत नसे, कारण दोरीवर राख बसलेली असे. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर दिवसभर घुरघुरायचा. त्याच्या वाळ्याचा ओला वास आणि स्टोव्हच्या रॉकेलचा वास एकमेकांत मिसळला की मला अजून ते घर आठवतं. आता हे दोन्ही वास एकत्र कुठे मिळत नाहीत.

बाबांचं जेवण म्हणजे वाफ. भात, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, कधी वाळलेली मासोळी, जे काही असेल त्यातून वाफ निघताना दिसली पाहिजे. "वाफ हाये तवरिक खाऊन घ्या," ते आम्हाला सांगायचे, "मंग नुसता चोथा उरते."

"पोरींचं तोंड पोळून राह्यलं जी," आई म्हणायची.

"पोळू दे. एवढा मोठा टर्बाइन वाफेवर फिरते, तं हे पोट्टे काय फिरणार नाई?"

"तुमचं पोट हाये का बायलर, एकदा सांगून टाका. म्हंजे मी स्वयंपाक सोडतो आन् कोळसा टाकत बसतो."

यावर बाबा खूष होऊन हसायचे. एकदा त्यांनी मला सांगितलं होतं की बॉयलरमधली खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही, पांढरी दिसते ती थकलेली वाफ. घरी मात्र ती थकलेलीच त्यांना पुरायची. हे वेड बॉयलरवर लागलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. ते वैनगंगेकाठच्या एका गावात वाढले. घरात तांदूळ थोडा आणि खाणारी तोंडं जास्त. त्यांची आई मूठभर तांदळाची पेज करायची, त्यात पाणी वाढवत जायची, आणि लेकरांना देताना पुन्हा पुन्हा तापवायची. गरम पेज पोटात उतरली की पोट भरल्यासारखं वाटतं, लेकरू गप्प होतं, झोपतं. भुकेल्या घरात ऊन पाण्याला मान असतो. "मी गरम पेजेवर वाढलो," हे बाबा अभिमानाने सांगायचे, आणि त्यांचे दंड पाहिल्यावर ते खोटं कोण म्हणणार?

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात कुंदाताई बाळंतपणाला घरी आली होती. तिचे यजमान भामरागडकडच्या आश्रमशाळेत शिक्षक होते. ती तिकडून आली तीच वाळलेली आली. मुलगी झाली. बाबांनी तिचं नाव सुजाता ठेवलं, कारण उपाशी सिद्धार्थाला खीर देणारी ती सुजाता त्यांना फार प्रिय होती. ताईला दूध बेताचंच होतं. बाळ वरचं खाण्याएवढं झाल्यावर आमच्याकडे सगळेच जे देतात तेच सुरू झालं, वरणाचं पाणी. डाळ शिजली की वरवरचं पिवळं पाणी काढून घ्यायचं, गाळायचं आणि पाजायचं. डाळ जड असते, लेकराला पचत नाही, असं आई, शेजारणी, सगळ्या म्हणायच्या. ते पाजणं बाबांनी आपल्याकडे घेतलं. पाळीवरून आले की हातपाय धुऊन, धोतराच्या स्वच्छ तुकड्यातून ते पाणी गाळायचे, पुन्हा स्टोव्हवर ठेवायचे, वाफ आली की वाटीत घ्यायचे, आणि मग मांडीवर घेतलेल्या सुजातासाठी चमच्या-चमच्यावर फुंकर घालून ते गार करायचे. एवढी वाफ आणायची आणि एवढ्याच मायेने फुंकून घालवायची, यातली गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. ताई दारात टेकून बघायची आणि म्हणायची, "माह्या हातानं पीत नाई, बाबाच्याच हातानं पिते." त्या वेळी तिच्या बोलण्यात नुसतं कौतुक होतं.

मग तो शब्द आला. सुजाताला टोचून आणायला बाबा आणि मी दवाखान्यात गेलो होतो. भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं आणि खाली लिहिलेलं होतं की वाढत्या बाळाला पुरेसे उष्मांक मिळाले पाहिजेत. बाबांनी ते बोट फिरवून वाचलं, आणि घरी येईपर्यंत सायकलवर त्यांच्या डोक्यात तेच घोळत होतं.

"आता सरकारनंच लिहून ठेवलं," त्यांनी दारातूनच आईला सांगितलं. "उष्मांक. उष्मा म्हंजे काय व, सांग हिले."

"उष्णता," मी म्हणाले.

"आन् अंक म्हंजे आकडा. किती गरम, त्याचा आकडा. मी काय सांगून राह्यलो इतके दिवस?"

"उष्मांक म्हंजे कॅलरी, बाबा."

"आन् कॅलरी म्हंजे?"

मी नुकतीच शाळेत शिकलेली व्याख्या म्हणून दाखवली. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवण्यासाठी लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. बाबांचा चेहरा उजळला. "मंग? पाणीच तापवाचं ना?"

मुलांनो, व्याख्या बरोबर होती. शब्दही विचार करूनच घडवलेला आहे. अन्न जाळतात, त्या जळण्याने पाणी किती तापतं ते पाहतात, आणि त्यावरून अन्नातली ताकद मोजतात. मोजायची असते डाळ, पाणी तिथे नुसतं साक्षीला असतं. बाबांनी साक्षीदारालाच धरून ठेवलं. त्या दिवसापासून सुजाताचं वरणाचं पाणी आणखी एकदा उकळू लागलं.

उन्हाळा तापत गेला. आमच्याकडे वैशाखात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सुजाता शहाणी आहे, रडत नाही, असं सगळे म्हणायचे. ती खरंच रडत नव्हती. खाटेवर ठेवलं की कूलरच्या जाळीकडे बघत पडून राहायची. ताई मात्र अंघोळ घालताना तिच्या मांडीची कातडी दोन बोटांत धरायची आणि सोडायची. एकदा मी विचारलं, "काय पाह्यतं ताई?" तर म्हणाली, "काई नाई. उन्हानं वाळली असंन." भाऊजींचा निरोप आला होता की पावसाआधी घ्यायला येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, मग दिवाळीपर्यंत येणं-जाणं देवाच्या हवाली. त्यामुळे ताईने बोचकी बांधायला घेतली होती.

नर्सबाई घरी वजन करायला आल्या तो बाबांच्या सुट्टीचा दिवस होता. या बाई मूळच्या सिरोंचाकडच्या होत्या. मराठी छान बोलायच्या, पण काटा वाचताना आकडे तोंडातल्या तोंडात तेलुगूत म्हणायच्या. त्यांनी सुजाताला झोळीत घालून काट्याला लटकवलं, आकडा म्हटला, पुन्हा लटकवलं, पुन्हा म्हटला. मग मागच्या खेपेचा आकडा काढून पाहिला आणि ताईकडे न बघता विचारलं, "काय देता हिले?"

उत्तर बाबांनी दिलं. "वरणाचं पाणी, बाई. ताजं. गरम गरम. मी सोता पाजतो. वाफ असल्याबिगर देतच नाई."

"दाखवा बरं."

बाबांनी हौसेने पातेली आणली. बाईंनी ते पाणी चमच्याने वर उचलून पुन्हा वाटीत सोडलं. "हे झालं पाणी," त्या म्हणाल्या. "आन् डाळ? डाळ कुठी जाते, भाऊ?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. आई हळूच म्हणाली, "यायच्या डब्यात जाते जी. गाळल्यावर घट्ट वरण उरते ना, ते."

"अस्सं!" नर्सबाई हसल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या, घराघरात अशीच चेष्टा करून माणसांना बोलतं करायच्या. "म्हंजे नात पाणी पिऊन राह्यली आन् आजोबा डाळ! म्हणूनच भाऊ असे पैलवान दिसते."

आई कसनुशी हसली. मीसुद्धा हसले असेन. ताई हसली नाही. बाईंनी मग नीट समजावलं. लेकराला डाळ कुस्करून द्या, भात द्या, वर कच्चं तेल सोडा, गूळ द्या, दाण्याचा कूट द्या. गरम असो की कोमट, त्याने काही फरक पडत नाही. आणि जाताना चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "वजन भरल्याशिवाय हिले भामरागडले नेऊ नका. पाण्यानं रस्ता अडला तं आणाल कशी?"

बाबा त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. "गरम पाण्यात जोर नाई म्हणता?"

"नाई जी."

"मी पिऊन दाखवतो," बाबा म्हणाले.

त्या दुपारी आणि संध्याकाळी ते ताटावर बसले नाहीत. वरणाचं पाणी गाळलं, उकळलं, वाटी तोंडाला लावली आणि मिशा पुसल्या. आई म्हणाली, "नाटकं पुरे झाली जी." ते म्हणाले, "नाटक नोहे. पाह्यत राय." अजूनही त्यांना खात्री होती, हे मी सांगते कारण ताईने मनात धरलं होतं की त्यांना सगळं माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. आपण गरम पेजेवर वाढलो, हे ज्याच्या हाडात बसलं आहे, त्याला बाईंच्या दोन वाक्यांनी काय कळणार?

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळच्या पाळीला निघाले तेव्हा आईने सवयीने डबा भरला. भात आणि घट्ट वरण. "उपाशी बायलरवर चढू नका," ती म्हणाली आणि डबा सायकलच्या हँडलला अडकवायला दारात गेली. ताई आतून आली. तिने आईच्या हातातून डबा घेतला, कडी काढली, झाकण उघडलं आणि बघत राहिली. मग बाबांकडे न बघता, अगदी हळू आवाजात बोलली.

"माह्या लेकराची डाळ खाल्ली तुम्ही, बाबा. रोज खाल्ली."

गल्लीतून बाकीच्यांच्या सायकली घंटी वाजवत जात होत्या. कुणीतरी हाक मारली, "चला, शामरावभाऊ!" बाबांनी हात वर केला. "मले मालूम नव्हतं व, कुंदे," एवढंच ते म्हणाले. मग थर्मासमध्ये भरून ठेवलेलं ते पाणी घेतलं आणि गेले. ताईने डबा ओट्यावर आणून ठेवला. त्यातलं वरण एका ताटलीत काढून ती बोटाने कुस्करायला लागली.

दुपारी बाबा कंपनीच्या बसने आले. सायकल तिकडेच राहिली होती. ते दारातल्या पायरीवर बसले, आणि आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर दोन्ही हातांनी धरावा लागला. "वर चढता नाई आलं," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावरच आंधारी आली. दोघांनी धरून खाली आणलं." ते समोर वीज केंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या धुराकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःशी बोलल्यासारखं म्हटलं, "पाणी तं आपुन तापवलं. कोळसाच टाकला नाई लेकराच्या पोटात."

ताई आत खाटेवर सुजाताला मांडीवर घेऊन बसली होती. तिला ते ऐकू गेलं होतं, कारण घास भरवणारा तिचा हात थांबला. दारातून बाबांची पाठ तिला दिसत होती. त्या क्षणी ती "जेवून घ्या बाबा" एवढं म्हणाली असती तर? मी हा प्रश्न स्वतःला अजून विचारते. तिने तो घास बाळाच्या तोंडात घातला आणि पुढचा उचलला. वाढलं आईनेच. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवले.

सुजाता सावरली. आधी थोडं बाहेर काढलं, मग पोटात ठेवायला लागली. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर होती. आईने ताईला म्हटलं, "सुजाता नाव ठेवलं आन् तिलेच खीर नाई, असं कसं व?" आणि बोटाने चाटवली, तर पोरगी आईचं बोट सोडेना. आणि एके दिवशी ती रडली. भूक लागली म्हणून, पाय आपटून, गल्लीत ऐकू जाईल अशी रडली. बाबा बाहेर सायकलच्या चेनला तेल देत होते. ते रडणं ऐकून त्यांचे हात थांबले, आणि ती शांत होईपर्यंत ते तसेच उकिडवे बसून राहिले. पूर्वी ते पहिल्या हुंदक्याला आत धावले असते. आता वाटीला हात लावायचं त्यांनी सोडून दिलं होतं. कुणी त्यांना मना केलं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं.

भाऊजी आले. नर्सबाईंनी पुन्हा झोळी लटकवली आणि या वेळी आकडा मोठ्याने म्हटला, तेलुगूतच, मग हसून मराठीत. जायची परवानगी मिळाली. आलापल्लीच्या एसटीत ताई खिडकीशी बसली. बाबा खाली गजाला धरून उभे. सुजाताने गजातून हात काढून त्यांची मिशी धरली आणि सोडेना. ताईने तो हात अलगद सोडवून घेतला. रागाने नाही, पण घेतला. "पावसाआधी पोचजा," बाबा म्हणाले. "हो," ताई म्हणाली. दोघांचं एवढंच बोलणं झालं. पुढे पूर आला, रस्ता बंद झाला आणि सारा पावसाळा काही कळलं नाही. त्या दिवसांत बाबा आलापल्लीकडून येणाऱ्या ड्रायव्हरांना भेटायला उगीचच स्टँडवर जायचे. पावसाळा सरल्यावर एका गुरुजींकडून निरोप आला की मुलगी धरून उभी राहते. तो ऐकून बाबा मोरीत गेले आणि खूप वेळ तोंड धूत राहिले.

ताई दुसऱ्या बाळंतपणाला आली नाही. सणाला यायची, सकाळी येऊन संध्याकाळी जायची. मुलांसाठी खाणं आपल्याच घरून डब्यात आणायची, उन्हाचं बाहेरचं नको म्हणून. ती डबा सोडायला लागली की बाबा काहीतरी काम काढून बाहेर पडायचे. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होते, पुढे नोकरीला लागले, लग्न झालं. माझ्याशी दोघंही भरभरून बोलायचे, फक्त एकमेकांबद्दल नाही. असं किती वर्षं चालू शकतं, याला काही मर्यादा नसते, हे मी आमच्या घरात पाहिलं. घरात कुणी भांडत नव्हतं, त्यामुळे मिटवायला काही हाती लागत नव्हतं.

बाबा गेले तेव्हा ताई वेळेवर पोचली नाही. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. ती म्हणाली, "मी तसं बोलाले नाई पाह्यजे होतं व. त्यायले खरंच मालूम नव्हतं."

"मंग त्यायले सांगितलं काऊन नाई?"

"दर खेपेले वाटे, जाताना सांगू. मंग एसटीची वेळ होऊन जाय."

आज तुमच्या वयाची मुलं चुकलं की लगेच 'सॉरी' म्हणतात आणि मोठी माणसं त्यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. आमच्या घरात तो शब्द नव्हता. त्याच्या जागी आम्ही एकमेकांना आग्रहाने वाढायचो, आणि ज्या घरात वाढण्यावरूनच मन मोडलं होतं तिथे तेही करता येईना.

आता बाबा नाहीत, आई नाही. क्वार्टर कधीच दुसऱ्याच्या नावावर झालं. कुंदाताई गडचिरोलीला असते. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, आणि फोनवर बाबांचा विषय निघाला की ती भाजीचा भाव सांगायला लागते. मी हे लिहून झालं की तिला वाचून दाखवणार आहे, ती ऐकेल की नाही सांगता येत नाही. सुजाता तुमच्या आईच्या लग्नात भांड्यांची सगळी व्यवस्था बघत होती, फोटोत उंच दिसते तीच. तिला यातलं काहीच आठवत नाही. तिला दोन मुलं आहेत, ती रोज स्कूटरने शाळेत शिकवायला जाते, आणि धडधाकट आहे.